पश्चिमेकडचा कडुनिंब

वन्सं, परवा तुमचं तेरावं आटोपलं. पाहुणे पांगले, शेजारची भांडी घासून परत दिली, आणि हे कालच्या गाडीने पुन्हा ग्वाल्हेरला गेले. कचेरी अजून तिकडेच आहे. दर उन्हाळ्यात ती सहा महिने इंदूरला हलते, त्याला महिनाभर तरी लागेल. घरात मी आणि चार वर्षांची कुमुद. दुपारचे तीन वाजलेत. मी पश्चिमेच्या खिडकीशी बसून लिहिते आहे आणि खिडकी सताड उघडी आहे.

तेरा दिवस लोक तुमच्याबद्दल बोलत होते. सतराव्या वर्षी कपाळ पांढरं झालेली बाई, पण धाकट्या भावाला आई होऊन वाढवलं, भावजयीला कधी वाकडं बोलली नाही, गल्लीतल्या कुणाच्याही बाळंतपणाला धावून गेली. सगळं खरं आहे. मी मान हलवत ऐकत होते. पण आपल्या दोघींत एक गोष्ट होती जी त्यांतल्या कुणालाच ठाऊक नाही. शेवटच्या महिन्यात ती आपण अर्धी बोललो. उरलेली अर्धी मला आत्ता परवा कळली, आणि ती सांगायला तुम्ही समोर नाही.

आपण या घरात राहायला आलो तो चैत्र आठवतो ना? बडा गणपतीच्या पलीकडे तेव्हा वस्ती संपत होती. पुढे नुसती काळ्या मातीची वावरं, भेगा पडलेली, आणि त्यांच्या कडेला आपलं दोन खोल्यांचं पत्र्याचं घर. झाड म्हणून औषधालाही नाही. दुपारी दोननंतर पश्चिमेची भिंत अशी तापायची की दिवेलागणीला तिला पाठ टेकवत नसे. मी पडद्याचं कापड आणायला निघाले, तर तुम्ही म्हणालात, "पडदे नंतर. पहिले झाड लावू."

"झाड काय आज लावलं आणि उद्या सावली?" मी म्हटलं.

"नाही. पण भिंत तापल्यावर आत पडदा लावून काय होणार गं? धूप बाहेरच अडवली पाहिजे."

मग तीन दिवस तुम्ही हातात चुन्याची वाटी घेऊन दर तासाला अंगणात जात होतात आणि घराची सावली जिथे संपेल तिथे रेघ ओढत होतात. पलीकडच्या घरी बातमी गेली की यमुताईंना ऊन लागलं बहुतेक. मला लाज वाटत होती. चौथ्या दिवशी तुम्ही पावलं मोजत भिंतीपासून पंधरा हातांवर जाऊन उभ्या राहिलात आणि म्हणालात, "इथे. एकच, मोठं. पूर्वेला काही लावायचं नाही, थंडीत कोवळी धूप घरात आली पाहिजे."

जागेबद्दल माझं काही म्हणणं नव्हतं. झाडाबद्दल होतं. माझं माहेर महूचं. छावणीच्या रस्त्यावरचे गुलमोहर बघत मी वाढले. आपल्या घरापुढे गुलमोहर असावा, उन्हाळ्यात लालभडक व्हावा, टांगेवाल्याला पत्ता सांगताना "गुलमोहरवाला घर" म्हणावं, एवढीच माझी हौस होती. तुम्ही म्हणालात, नीम.

"तुझा गुलमोहर फुलतो कधी?" तुम्ही विचारलंत.

"वैशाखात."

"तेव्हा त्याला पानं असतात?"

"नसतात."

"ज्या महिन्यात सावली पाहिजे त्याच महिन्यात तो नंगा उभा. नीम बघ. फाल्गुनात पानं टाकतो, चैत्रात भरतो. गरम लू सुटायच्या पहिले तयार. आणि वादळात गुलमोहराची फांदी कधी कुणाच्या डोक्यात पडेल, भरोसा नाही."

"नीम मोठा व्हायला पाच-सहा वर्षं. तोवर आम्ही भाजून निघायचं?"

"तोवर शेवगा. फांदी रोवली की वर्षात डोक्याच्या वर जातो. सावली झिरझिरीत असते, पण सोबत शेंगा खायला मिळतात."

तुमचं प्रत्येक म्हणणं बरोबर होतं. तेच मला सहन होत नव्हतं. लग्नाला तीन वर्षं झाली होती. कचेरी ग्वाल्हेरला गेली की हेही सहा महिने तिकडे. किल्ल्या तुमच्या कमरेला, दूधवाल्याशी हिशोब तुमचा, ह्यांच्या पत्रातलं पहिलं वाक्य तुमच्या तब्येतीचं. नव्या घरात तरी एखादी गोष्ट माझ्या मनासारखी व्हावी असं वाटत होतं, आणि तुम्ही ती गोड बोलून, कारणं देऊन काढून घेतलीत.

जेठात तुम्ही खड्डा खणवलात, कमरेइतका खोल, आणि महिनाभर तसाच तापत ठेवलात. गंगाराम दूधवाल्याकडून शेणखत आणवलंत, काळ्या मातीत मुरूम मिसळलात. आषाढात देवळाजवळच्या एका जुन्या कडुनिंबाखाली उगवलेल्या पन्नास रोपांतून एक निवडून आणलंत. ते सगळ्यांत बुटकं होतं. मी तसं म्हटलं, तर तुम्ही त्याचा बुंधा माझ्या दोन बोटांत दिलात. "उंची बघायची नसते, हे बघायचं." मी महूहून डब्यात लावून आणलेला गुलमोहर मागे मोरीजवळ लागला. चौथ्या दिवशी तो बकरीने खाल्ला. तुम्हाला वाईट वाटलं होतं, हे मला आज कळतं. त्या दिवशी मला वाटलं, बकरीला तुम्हीच दार उघडून दिलं.

ते सगळं पुढच्या चैत्रात बाहेर पडलं. निमित्त काय होतं ते आठवतही नाही. तुम्ही डाळ निवडत होतात. मी म्हटलं, "तुमचं स्वतःचं घर असतं ना, तर तिथे हवं ते लावायचं होतंत. हे घर माझ्या नवऱ्याचं आहे."

तुमचा हात सुपात थांबला. मग एक खडा उचलून तुम्ही बाजूला टाकलात आणि म्हणालात, "बरं."

एवढंच. भांडला असतात तर बरं झालं असतं.

आठ दिवसांनी तुम्ही मानपूरला निघालात. तुमच्या दिराच्या मुलाचं, वसंताचं लग्न होतं. सासरी तुम्ही सहसा जात नसा, म्हणून ह्यांना नवल वाटलं. मोटारीत बसताना तुम्ही मला म्हणालात, "नीमाला एक दिवसाआड दोन घागरी. संध्याकाळी. बाकी काही नाही केलं तरी चालेल."

वन्सं, मी घातल्या नाहीत. पहिल्या खेपेला खरंच दमले होते, विहिरीचं पाणी खाली गेलं होतं. दुसऱ्या खेपेला दमले नव्हते. तुळशीला घातलं, शेवग्याला घातलं, रिकामी घागर घेऊन नीमाच्या आळ्याजवळ उभी राहिले आणि परत फिरले. नंतर नंतर तिकडे बघायचंच टाळलं. ह्यांनी एकदा विचारलं, "तो नीम सुकतोय का गं?" मी म्हटलं, "ऊन किती आहे. काळ्या मातीत नाही धरत नीम." ह्यांनी मान हलवली. झाडांतलं ह्यांना काय कळतं!

विसाव्या दिवशी गंगाराम दूध घालताना म्हणाला, "बाईजी, यो लीमड़ो तो सूकी ग्यो."

नीम सुकून गेल्याचं ऐकून मला आधी बरं वाटलं, हे लपवत नाही. आता जागा मोकळी झाली असं वाटलं. दूध तापवायला ठेवलं आणि ते उतू गेलं तरी तिथेच उभी राहिले. भर दुपारी विहिरीवर गेले, चार घागरी आणून एकदम ओतल्या. भेगांतून पाणी सरसर खाली गेलं आणि झाड तसंच उभं, काटकीसारखं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही आलात. टांग्यातून उतरल्यावर घरात न येता सरळ तिकडे गेलात. मी दारात उभी होते, बोलायची वाक्यं तयार करून. तुम्ही उकिडव्या बसलात, शेंड्याला नखाने ओरखडलंत. तपकिरी. आणखी खाली ओरखडलंत. तपकिरी. जमिनीपासून वीतभर उंचीवर ओरखडलंत आणि बराच वेळ बघत राहिलात. मग माझ्याकडे न बघता म्हणालात, "सुधे, विळा आण."

वीतभर ठेवून तुम्ही सगळं झाड कापून टाकलंत. ओलं गोणपाट गुंडाळलंत. आणि म्हणालात, "वरचं गेलंय. खालचं जिवंत आहे. आता याला पाणी तू घाल."

रागाचा शब्द नाही, प्रश्न नाही. ही शिक्षा आहे की विश्वास, हे मला तेव्हा कळलं नाही. अजूनही नीटसं कळत नाही. पण मी पाणी घातलं. एक दिवसाआड सांगितलं होतंत, मी रोज जाऊन बघत होते. सतराव्या दिवशी बुडख्याच्या बगलेत लाल टिंबासारखं काही दिसलं. मी धावत स्वयंपाकघरात आले आणि तुम्हाला हाताला धरून बाहेर नेलं. तुमच्या हाताला पीठ होतं. लग्नानंतर मी पहिल्यांदाच तुमचा हात धरला होता, हे दोघींच्याही लक्षात आलं.

त्या बुडख्याला एक नाही, तीन फांद्या फुटल्या. तुम्ही तिन्ही ठेवल्यात. त्यामुळे आपला नीम काटकुळा सरळ न वाढता खालूनच पसरत गेला, आणि चौथ्या उन्हाळ्यात त्याची सावली तीन वाजता भिंतीला टेकली. कुमुद तेव्हा दोन वर्षांची. तुम्ही तिला उचलून भिंतीला तिचा हात लावलात. "बघ, थंड!" ती हसली, तिला काय कळणार. मी मात्र आत जाऊन रडून घेतलं.

मग दुपारी बायका तिथे यायला लागल्या. पापड लाटायला, वाटाणे सोलायला. नव्या वस्तीत घरं बांधणारे पुरुषही तुम्हाला विचारायला यायचे. ते हेडक्लार्क आठवतात, अशोकाची रांग लावायची म्हणणारे? तुम्ही म्हणालात, "लावा. शोभेचा आहे. पण त्याच्या सावलीत फार तर काठी झोपेल, माणूस नाही." पिंपळ लावणाऱ्याला हात जोडून परत पाठवलंत, भिंतीत मुळं घुसतील म्हणून. ज्याला घाई त्याला शेवगा, ज्याच्याकडे जागा त्याला आंबा, ज्याचं अंगण पश्चिमेचं त्याला नीम. मी मागे उभी राहून ऐकायचे. हळूहळू लोक मलाही विचारायला लागले, आणि मी चुकले तर तुम्ही लोक गेल्यावर सांगायचात, त्यांच्यासमोर कधी नाही.

आणि गेल्या वर्षी तुम्ही स्वतः एक गुलमोहर आणलात. फाटकाबाहेर, रस्त्याच्या कडेला लावलात. "हा तुझा. घरापासून लांब. रस्त्यावरचे लोक बघतील." मी म्हटलं, "आता कशाला? मला नीमच आवडतो." तुम्ही म्हणालात, "खोटं बोलू नको." त्यावर आपण दोन दिवस वाद घातला. तो तसाच राहिला, वन्सं. मला दोन्ही आवडतात. एवढं सोपं उत्तर मला तेव्हा सुचलं नाही.

माघात तुमची छाती भरली. डॉक्टर म्हणाले, उन्हात बसवा. हे ग्वाल्हेरला. मी रोज सकाळी पूर्वेच्या अंगणात बाज टाकायची, तुम्हाला धरून आणायची. एक दिवस तुमचे पाय चेपता चेपता मी म्हटलं, "वन्सं, तुम्ही मानपूरला गेला होतात ना वसंताच्या लग्नाला, तेव्हा तो नीम..."

"पाणी घातलं नव्हतंस," तुम्ही म्हणालात. डोळे मिटलेलेच.

"तुम्हाला माहीत होतं?"

"शेवग्याचं आळं किती दिवसांचं ओलं होतं, शेवाळ धरलं होतं. शेजारी नीमाचं कोरडं ठाक, वरवर ताजा चिखल. एवढं कळत नाही होय मला?"

"मग बोलला का नाहीत?"

तुम्हाला खोकला आला, पाणी दिलं. मग तुम्ही सांगायला लागलात, थांबत थांबत.

मानपूरच्या घरी दारात एक बकुळ होती. तुमच्या सासूबाई सुनांना घेऊन दुपारी तिच्या सावलीत बसायच्या. हे गेल्यावर, म्हणजे तुमचे यजमान गेल्यावर, केस उतरवलेल्या तुम्हाला तिथे बसायची मनाई झाली. तुम्ही आतल्या अंधाऱ्या खोलीतून त्यांचं बोलणं ऐकायचात. "एक दिवस भाताची उकळती पेज नेऊन मुळांशी ओतली," तुम्ही म्हणालात. "मग रोज. आठ-दहा दिवस. महिन्यात झाड गेलं. सासूबाई त्या वाळल्या खोडाला मिठी मारून रडल्या गं, पोटचं गेल्यासारखं. मग जाऊबाईंनी मला सांगितलं. ह्यांचा जन्म झाला त्या वर्षी लावली होती ती बकुळ. मला कुणी सांगितलंच नव्हतं. मुलगा गेला, त्याच्यामागे ती एवढी उरली होती त्यांना."

मी तुमचे पाय धरून बसले होते.

"म्हणून मग मळ्यात पाणी द्यायचं काम मागून घेतलं. आठ वर्षं केलं. जे शिकले ते तिथे." तुम्ही डोळे उघडलेत. "त्या दिवशी तुझा राग नाही आला सुधे. भीती वाटली. म्हटलं, हे झाड गेलं तर ही पोर जन्मभर माझ्यासारखी होईल. म्हणून इतकं खालपर्यंत ओरखडत गेले."

मी विचारलं, "सासूबाईंना कधी सांगितलंत?"

तेवढ्यात कुमुद पडली, रडत आली, तिचा गुडघा बघायला मी उठले. परत आले तोवर तुम्ही झोपला होतात. पुन्हा विचारायचा धीर झाला नाही, आणि पुढे दिवसही फार राहिले नाहीत.

तेराव्याला मानपूरहून वसंता आला होता. पंगत उठल्यावर तो नीमाखाली हात वाळवत उभा होता. मी सहज विचारावं तसं विचारलं, "तुमच्या दारात आहे का रे एखादं झाड?"

"आहे ना मामी. बकुळ. काकूनेच लावली, माझ्या लग्नात."

तो आपला सांगत होता. लग्न लागल्यावर काकूने महूच्या एका माळ्याकडून कमरेइतकं रोप आणवलं आणि दारात जुन्या जागीच खड्डा खणायला लावला. आजी चिडली, तिथेच का म्हणून. काकू तिला हाताला धरून आतल्या खोलीत घेऊन गेली, दार लावून घेतलं. "घंटाभर आत होत्या मामी. काय बोलल्या ते आजीने कुणाला सांगितलं नाही. बाहेर आल्या तेव्हा दोघींचे डोळे सुजलेले. पण पहिली घागर आजीनेच ओतली. मग काकू रोप धरेपर्यंत दोन आठवडे राहिली, दोन्ही वेळ पाणी घालत."

म्हणजे मी इथे रिकामी घागर घेऊन परत फिरत होते ते सगळे दिवस तुम्ही तिथे पाणी वाहत होतात. मी जे तोडून बोलले त्यानंतर आठच दिवसांनी गेला होतात तुम्ही. माझ्या बोलण्याने गेलात की मनात आधीपासून होतं, हे आता कोण सांगणार? पण तीस वर्षं जे ओठांवर आलं नव्हतं ते तुम्ही जाऊन सांगून आलात, परत येऊन माझं झाड बघितलंत, आणि मला ओशाळं न करता माझ्या हातात घागर दिलीत. वन्सं, माझ्या आईनेही माझ्यासाठी इतकं केलं नसतं. हे मी तुम्हाला जिवंतपणी म्हणायला हवं होतं. आता म्हणते.

वसंताने आणखी एक सांगितलं. बकुळ यंदा पहिल्यांदा फुलली. आजींना आता दिसत नाही, पण वासाने कळलं. दिवसभर तिथेच बाज टाकून असतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारतात, यमुना केव्हा येणार म्हणून. तुम्ही गेलात हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही. "मला नाही जमत मामी," वसंता म्हणाला आणि रडायला लागला. "घरातून निघताना महूला काम आहे सांगून आलोय."

मी त्याला म्हटलं, तू काही बोलू नकोस, मी येते.

गुरुवारी सकाळच्या मोटारीने निघते आहे, कुमुदला घेऊन. आधी त्यांच्याजवळ बसेन, हातात हात घेईन, मी कोण ते सांगेन. मग तुमचं सांगेन, सगळं, तुमचा आजार, ते उन्हातले दिवस, आणि शेवटी तुम्हाला वेदना झाल्या नाहीत हेही. त्या रडल्या तर रडू देईन. संध्याकाळची मोटार चुकली तर चुकली. मुक्काम करेन.